वरून न दिसणारा डोंगर

पायलट व्हायचं तर काय करावं, असं विचारायला अजूनही पोरं माझ्याकडे येतात. मी सांगतो : गणित पक्कं कर, डोळे आणि कान आधीच तपासून घे, उडालेला प्रत्येक तास त्याच दिवशी वहीत उतरव. पोरं माना डोलावतात. मग मी म्हणतो, आणि वाट चुकलास तर घरी येऊन सांग. इथे मान डोलायची थांबते. हा सल्ला मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही, म्हणून तो कुठून आला तेही सांगून टाकतो.

माझे वडील चिंचणीच्या किनाऱ्यावरचे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. साठच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्र येणार अशी नुसती चर्चा होती. वडिलांकडे ना नकाशा, ना होकायंत्र. समुद्रातून ते किनाऱ्याकडे बघत. देवळाचा कळस आणि त्यामागे महालक्ष्मीचा सुळका एका रेषेत आले, की आपण कुठे आहोत हे त्यांना अचूक कळे. अशा कितीतरी खुणा त्यांनी माझ्याकडून लहानपणीच घोकून घेतल्या होत्या. त्यांच्यानंतर मीच तांडेल होणार, हे त्यांनी मला न विचारताच ठरवलेलं.

आणि मी घरी आलो तो मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात, सरकारी सवलतीच्या जागेवर निवड झाल्याचं पत्र घेऊन! वडील पत्र बघून तसेच होडीवर निघून गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा. पन एकटा लांब जाशील तवा वाट चुकलास, तर परत होडीवर ये. हितं निदान मी हाय."

मी मनातून खूश. सगळा किनारा मला तोंडपाठ होता, चुकणार कसा?

एकट्याने लांब जायचा दिवस आला. शिक्षकांनी सांगितलेलं काम सोपं होतं. किनारा धरून उत्तरेला जायचं, डहाणूच्या खाडीच्या तोंडावरून वळायचं आणि परत यायचं. नकाशा मांडीवर होता, पण मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केळव्यापर्यंत मजेत गेलो. मग सुळक्याची वाट बघायला लागलो. सुळका काही येईना. हवा धुरकट, खाली सगळी एकसारखी तपकिरी जमीन. आणि एकदम लक्षात आलं : होडीतून जो डोंगर आभाळात घुसलेला दिसतो, तो वरून जमिनीला चिकटून बसलेला असतो! देऊळ तर नारळींखाली गडप. किनारा समोर होता, पण त्यावर मी नेमका कुठे, हे सांगता येईना. डहाणू पुढे आहे की मागे राहिलं? मी घाबरलो आणि स्वतःवर भयंकर चिडलो.

पण त्या भीतीतही एक आगाऊ कुतूहल डोकं वर काढत होतं. डोंगर दिसत नाही, मग वरून दिसतं तरी काय? मी नीट खाली बघायला लागलो. ओहोटी लागली होती. एका खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे दोन फिकट पट्टे होते आणि त्यांच्यामधून गडद पाणी वळत बाहेर जात होतं. काठावर बोंबील सुकवायच्या बांबूंच्या ओळी, शाळेच्या वहीतल्या रेघांसारख्या. त्यांतली कडेची ओळ वाकडी होती. ती आमची, म्हणजे खाली चिंचणी. मीच रोवली होती आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या होत्या.

तिथून घड्याळात वेळ धरली, निमूटपणे नकाशा उघडला, मिनिटं मोजत डहाणू गाठलं आणि वळलो. शिक्षकांनी वहीत सही केली. मी चुकलो होतो हे कुणालाच कळलं नाही.

घरी गेलो तर वडिलांचा पहिलाच प्रश्न, "चुकलास?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. पण मला त्या दोन पट्ट्यांनी छळलं होतं. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एकच मोठा पट्टा आहे असं सगळा गाव मानायचा. भर ओहोटीतही तो गढूळ पाण्याखाली असायचा, आणि होड्या त्याला लांबून वळसा घालायच्या. खोटं बोललो असतो, तर वाट सोडून खाडीत काय बघत होतास, हे सांगता आलं नसतं.

"चुकलो," मी म्हटलं. "सुळका वरून दिसतच नाय. पन बाबा, आपल्या खाडीत वाळूचे पट्टे दोन हायत. मधून पानी जातं."

मी कागदावर चित्र काढलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. चुकलास तर होडीवर ये, ही त्यांची अट मात्र अजून तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते लहान होडी घेऊन गेले, सोबत खोली मोजायची शिसं बांधलेली दोरी. मला नेलं नाही. मी किनाऱ्यावर बसून राहिलो. माझी उड्डाणांची वही पुढे भरणार की तिथेच थांबणार, ते आता त्या दोरीच्या हाती होतं.

दुपारी ते परतले. "दोन हायत," म्हणाले. "चाळीस वर्सं मी वळसा घालून गेलो."

ओली दोरी उचलायला मी पुढे झालो. त्यांनी ती माझ्या हाती दिली नाही, स्वतःच गुंडाळून खांद्यावर टाकली.

"तू जा," ते म्हणाले. "वरून आनखी काय काय दिसतं, ते येऊन सांगत जा."