मूर्तिजापूरच्या वाटेवर सांगितलेली गोष्ट

अकोल्याहून उमरावतीस जाण्यासाठी करीमभाईंच्या दमणीत (हलक्या बैलगाडीत) बसलो, तेव्हा पिशवीत माझ्या कादंबरीची वही होती. उमरावतीच्या एका व्यापारी स्नेह्याकडे ती वाचून दाखवायची होती. विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाल्यापासून रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नव्हती. दुतर्फा बाभळींच्या काट्यांना कापूस लटकलेला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीचा आस मोडला. करीमभाई सुतार शोधायला गेले आणि मी जवळच्या गावात एका कुणब्याच्या घरी टेकलो. घरात दोघेच, म्हातारा आणि म्हातारी. तिने ज्वारीची भाकर अन् झुणका वाढला. मी गोष्टी लिहितो हे कळल्यावर तिने मला अंगणात नेऊन हळूच सांगितले, की मुलगा नामदेव कापसाच्या गाड्या घेऊन खानदेशाकडे गेला आणि वाटेत पटकीने वारला. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला तिने हे कळू दिले नव्हते. नामदेव मला वाटेत भेटला, एवढे मी म्हाताऱ्याला सांगावे, अशी तिची विनवणी होती.

राजवाडे, चाचे, हरवलेल्या राजकन्या मी बेधडक रंगवल्या होत्या. त्या खाटेपाशी मात्र एका वाक्यापुरतेच सुचले. नामदेव खुशाल आहे, म्हणालो. म्हाताऱ्याने विचारले, बांड्या बैल अजून लंगडतो का? मी म्हणालो, आता चांगला चालतो.

"बांड्या पोळ्याआधीच मेला, महाराज," तो हलकेच म्हणाला. "अन् पोरगा गेला, हे मले हिच्या तोंडावरूनच समजलं. पण तुमी सांगत राहा. म्हातारी दारामांगं आयकून राहिली."

मग मी सांगितले. नामदेव चिंचेखाली भाकर खात होता. आवाज बसला होता. आईच्या ठेच्याची आठवण काढत होता. जन्मात इतके जपून काही सांगितले नव्हते.

उमरावतीच्या मंडळींनी कादंबरीची वाहवा केली. राजकन्येचा विलाप वाचताना मलाच लाज वाटत होती.

परतताना मुद्दाम त्या घरी थांबलो. म्हातारा आणखी खंगला होता. मी खाटेपाशी बसलो. तेवढ्यात म्हातारी आतून येऊन खाटेवर बसली आणि तिने नवऱ्याचा हात हातात घेतला.

"आता समदं बोललो आमी एकमेकांसंगं," ती म्हणाली. "तरी सांगा, महाराज. चिंचेखाली तो अजून काय बोलला?"

पुण्यातले मित्र विचारतात, जे घडलेच नाही ते लिहून काय मिळते? त्या दोघांना सगळे ठाऊक होते, तरी दिवस मावळेपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही, एवढेच सांगतो.