राजवैद्यांचं फडकं

थेंबकाकांना आयुष्यात कोणी नट म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली आणि "जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नाही" हे एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की त्यांची बायको होती तोवर म्हणायची, हे झोपेतसुद्धा डोस सांगतात. एक थेंब इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत, म्हणून नाव पडलं थेंबकाका. फळीवरची बाटली उचलताना लेबल एकदा वाचायचं आणि ठेवताना पुन्हा एकदा वाचायचं, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर बाटल्या गेल्या, नेम राहिला. घरातला मिठाचा डबासुद्धा ते दोनदा वाचत.

अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी चाहते मिळाले, आता बोला!

झालं असं, की त्यांची मुलगी एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमची पात्रं आणि संवाद लिहायची. कंपनी म्हणजे दोन खोल्या, पाच माणसं आणि सदा कुरकुरणारा एक पंखा. गेममध्ये एका राज्यात साथ आलेली असते आणि खेळणाऱ्याने औषध शोधत हिंडायचं असतं. त्यात एक राजवैद्य होता, हाताला गुण असलेला आणि जिभेला हाड नसलेला. खरा नट मिळेपर्यंत तात्पुरता आवाज हवा, म्हणून मुलीने वडिलांना त्यांच्याच घरातल्या कपाटात बसवलं. खरोखर कपाटात. रजया आणि स्वेटरांमध्ये बाहेरचा आवाज येत नाही म्हणे. काका गुडघे पोटाशी घेऊन बसले, कागद नाकाशी धरला आणि असे काही खेकसले, की कंपनीच्या मालकाने खऱ्या नटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेम बाजारात आला आणि लोकांनी राजवैद्याला डोक्यावर घेतलं. कोणी त्याची चित्रं काढली, कोणी त्याच्यासारखी दाढी लावून फोटो टाकले. काकांनी मुलीकडून चाहत्यांची वेबसाइट उघडायला शिकून घेतलं, "जुना औषधवाला" असं टोपणनाव घेतलं आणि रोज दुपारी आपलं कौतुक वाचायला बसू लागले. दिवसातून एकदा, अर्थातच जेवणानंतर.

पण या कौतुकात एक खडा होता. राजवैद्याला दलदलीत राहणारी माणसं आवडत नसत. तो त्यांच्यावर उपचार करायचा, अगदी नीट करायचा, पण ती स्टुलावरून उठली की खांद्यावरचं फडकं काढून स्टूल पुसायचा. यावरून चाहत्यांत दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, असल्या माणसाला गेममधून हाकलून द्या. दुसऱ्यांचं म्हणणं, बिचाऱ्याच्या बाबतीत काहीतरी घडलं असणार. एकाने लिहून टाकलं, दलदलीवाल्यांनी त्याचा मुलगा मारला असेल. हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. तरी आठवड्याभरात त्या कधीच न जन्मलेल्या मुलाचं नाव, वय आणि आवडता रंग ठरला. दोन-चार जणांनी त्याच्या आठवणीने डोळेही पुसले.

कंपनीचा मालक व्यवहारी होता. पुढच्या भागात मुलाची गोष्ट घालू, म्हणाला, एका वाक्यात सगळे खूश. मुलगी उसळली.

"एकदा कारण दिलं की तो बरोबरच ठरतो. मग दलदलीवाल्यांनी काय करायचं? न केलेल्या खुनाची माफी मागायची?"

"शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे," मालक म्हणाला. "तुझ्या बाबांना विचार."

बाबांना काय विचारायचं! त्यांना ते वाक्य हवंच होतं. राजवैद्यावरचा डाग धुऊन निघणार होता, आणि राजवैद्य म्हणजे आता जवळजवळ घरचंच माणूस.

घरच्या माणसांचं म्हणाल तर मुलगी दर रविवारी यायची. जावई तिला स्कूटरवरून सोडायचा आणि खालीच थांबायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, पण सासऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या लिफ्टमध्ये त्याने गेल्या सहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तो पुलापलीकडच्या वस्तीतला. लग्नानंतर तीनदा वर आला, मग येईनासा झाला. काका शेजाऱ्यांना सांगत, "जावईबापूंना कामाचा फार व्याप आहे हो." आणि गंमत म्हणजे, त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटत असे.

गुरुवारी दुपारी वेबसाइटवर कोणीतरी राजवैद्याचं स्टूल पुसणं मोजून टाकलं. एकूण एक्केचाळीस वेळा. त्याखाली शिव्यांचा पाऊस. काकांना राहवेना. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, "स्टूल पुसणं ही स्वच्छता आहे. मी चाळीस वर्षं औषधांच्या धंद्यात होतो. माझ्याकडे कोणी बसून गेलं की मीही खुर्ची पुसतो."

लगेच "पाणकोंबडी" नावाच्या कोणीतरी विचारलं, "कोणीही बसून गेलं तरी?"

"हो, कोणीही," काकांनी लिहिलं. पाठवण्याआधी सवयीने दुसऱ्यांदा वाचलं.

कोणीही. सकाळी पोस्टमन बसून गेला होता, घामाने निथळत. खुर्ची पुसली नव्हती. काल शेजारीण कुत्र्याला मांडीवर घेऊन तासभर बसली होती. तेव्हाही नाही, कुत्र्याचे केस अजून तिथेच होते. परवा नळवाला ओल्या विजारीनिशी टेकला होता. मग पुसली होती कधी? काका आठवत गेले. आठवलं ते आपल्याच खांद्यावरचं निळ्या चौकड्यांचं फडकं. जावई दारात बूट घालत होता आणि त्याने मागे वळून पाहिलं होतं. मुलगी तिथेच उभी होती.

काकांनी राजवैद्याचं चित्र मोठं करून पाहिलं. त्याच्या खांद्यावरच्या फडक्यावर निळ्या चौकड्या होत्या.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटात बसून ज्या माणसावर ते खो-खो हसले होते, तो मुलीने घरातूनच उचलून नेला होता. आणि आवाजसुद्धा आपणच हौसेने दिला! लिहिलेलं उत्तर त्यांनी खोडलं. त्या दिवशी चहाही घेतला नाही.

शुक्रवारी मुलगी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन जावयाच्या स्कूटरवरून आली. तिने कागद दिला. काका कपाटात शिरले. गेममध्ये खेळणारा विचारतो, "वैद्यराज, दलदलीतल्या माणसांनी तुमचं काय वाकडं केलंय?" त्यावर राजवैद्याने मुलाची कहाणी सांगून गळा काढायचा होता. काकांनी कागद एकदा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"हे लेबल चुकीचं आहे," कपाटातून आवाज आला.

"काय म्हणालात, बाबा?"

उत्तर आलं ते राजवैद्याच्याच आवाजात, पण खेकसणं नव्हतं. "काही नाही. त्यांनी माझं काहीच वाकडं केलं नाही. मी आपला पुसत राहिलो."

मुलीने यंत्र थांबवलं नाही. पुढे ते वाक्य गेममध्ये तसंच गेलं आणि चाहत्यांत त्यावरूनही दोन तट पडले, पण ते नंतर. आत्ता कपाटाचं दार किलकिलं झालं आणि रजयांतून काकांचं डोकं बाहेर आलं.

"ते खाली आहेत का?"

"आहेत."

"लिफ्ट चालू आहे म्हणावं."

जावई वर आला. त्याच खुर्चीवर अगदी काठावर बसला. मुलीने चहा दिला. एवढ्या राज्यावर ओरडणारे काका खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. दोनदा खाकरून ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गेल्यावर मी खुर्ची पुसायचो. तुम्ही पाहिलं होतंत."

"हो."

"त्याला काही कारण नव्हतं. चुकलं माझं."

जावयाने कपातला चहा संपवला. "पहिल्यांदा मला वाटलं, कपड्यांना ग्रीस असेल. म्हणून तिसऱ्या वेळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून आलो होतो. तरी पुसलीत."

काकांना त्या शर्टाचा रंगही आठवला नाही, आणि तेच त्यांना सगळ्यांत लागलं.

थोड्या वेळाने जावई उठला. तो उठला मात्र, काकांचा हात आपसूक खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. तिघांनीही ते पाहिलं. फडकं हातात आलं, खुर्ची समोर होती, आणि काका जागच्या जागी खिळले. मग ते पुढे झाले आणि त्या खुर्चीवर स्वतःच बसले. ती अजून उबदार होती. हातातल्या फडक्याचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

जावई दारात बूट घालत होता. त्याने मागे वळून पाहिलं.

"तुमच्या लिफ्टचा दरवाजा घासतोय," तो म्हणाला. "रविवारी पाना घेऊन येतो. तुमचं जेवण झाल्यावर."

"जेवणानंतर नको," थेंबकाका घाईघाईने म्हणाले. "उपाशीपोटी या."