तुपातला शिरा

धारच्या वेणूअक्कांना ना नवरा उरला होता, ना मूलबाळ. १९८२ साली त्यांनी निराधार पेन्शनसाठी अर्ज केला, तेव्हा त्या खरंच गरीब आहेत का हे बघायला तहसीलीतून एक बाबू घरी आला. आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, म्हणून अक्कांनी शेजारच्या लतिकाकडून तूप-साखर उसनी आणून शिरा केला. बाबूने तो दोनदा मागून खाल्ला आणि शेरा लिहिला, ‘घरात तूप आहे. अपात्र.’

अक्का तहसीलीत गेल्या. "सगळ्याच म्हाताऱ्यांना द्या ना. चौकशीच नको."

बाबू गंभीर झाला. "सबको दे देंगे अक्का, तो हम जाँच किसकी करेंगे?"

पुढच्या वर्षी तो आला, तेव्हा अक्कांनी नुसतं पाणी दिलं. पेन्शन मंजूर झाली, पण त्या पाण्याची अक्कांना कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.