फुकटचं सरपण

माझ्या मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, काटकसर शिकवायचा भारी नाद. स्वतःचं चंद्रपुरात दुमजली घर, पेन्शन, स्वयंपाकघरात दोन सिलिंडर. बाबा गेल्यापासून पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी आले की खाटेवर बसून ते मायला धडे द्यायचे. तेल पाऊचमध्ये घेऊ नका, डबाच आणा. डाळ वर्षाची एकदम भरा. रोजीने जाणाऱ्या बाईच्या हातात डब्याचे पैसे एकदम येणार कुठून, हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे भासऱ्यांसमोर बाई बसत नाही, उलट बोलत तर नाहीच. माय पदर डोक्यावर घेऊन दाराआड उभी राहायची आणि ऐकून घ्यायची.

नुसतं ऐकून घेत होती तोवर ठीक होतं. एकदा तिने ते मनावर घेतलं.

मी गडचांदूरला एका खासगी शाळेत शिकवते, महिन्यातून एकदा घरी येते. त्या खेपेला आले तर रिकामा सिलिंडर कोपऱ्यात पडलेला आणि मायच्या दोन्ही पायांना चिंध्या बांधलेल्या. जंगल दारात असताना गॅस कशाला जाळायचा, सरपण फुकट आहे, असं मोठेबाबा सांगून गेले होते. तेव्हापासून ती गावातल्या बायांबरोबर जायला लागली होती. सरपणाला जायची आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्यांनी एकदम वाकायचं नाही. एकीने उभं राहून बाकीच्यांची पाठ राखायची, कारण वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसतं. त्या दिवशी माय मोळी बांधायला एकटीच मागे राहिली. मान वर केली तर तो समोरच्या नाल्यात पाणी पीत होता. मोळी, कुऱ्हाड, चपला, सगळं तिथेच टाकून ती काट्याकुट्यातून अनवाणी घरी आली. मला मात्र तिने काच लागली म्हणून सांगितलं. खरं काय ते शेजारणीकडून कळलं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो मी जपून ठेवला. काटकसरीने म्हणा ना.

थंडीत नात्यातल्या लग्नाला मोठेबाबा मुक्कामी आले. आल्याआल्या सांगितलं, सकाळी आंघोळीला दोन बादल्या कढत पाणी लागेल. संध्याकाळी अंगणात पाहुणे बसले होते तेव्हा त्यांची गाडी नेहमीच्या रुळावर आली. लहानपणी आम्ही मोळ्या वाहिल्या, आताच्या बायांना सगळं आयतं पाहिजे. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठेबाबा, सकाळी तुमीबी चला आमच्यासंग. सरपण फुकटच हाये."

लोक हसले. आता नाही म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

सकाळी आम्ही निघालो. अजून किती आत जायचं, असं त्यांनी वाटेत दोनदा विचारलं. उभं राहायची पाळी मी आदल्या दिवशीच मागून घेतली होती. बाया वाकल्या. मोठेबाबा जरा पलीकडे सागाची वाळकी फांदी ओढायला वाकले. मी सगळ्यांची पाठ राखली, फक्त त्यांच्याकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात झाडावरची वानरं खाकरली, वाघाची चाहूल लागली की खाकरतात तशी. मी वळून पाहिलं. मोठेबाबांच्या हातातली फांदी गळून पडली होती, मागे कोणी नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. त्यांचं ते तोंड मी किती दिवस मनात रंगवलं होतं, आणि खरोखर दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

पण माय उठली. एक दांडकं उचलून ती गेली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून जंगलाकडे तोंड करून उभी राहिली. पदर खांद्यावर घसरला होता, तो तिने सावरला नाही. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली.

"उचला भाऊ फांदी. मी उभी हावो."

वानरं काही वेळाने गप्प झाली. परतताना मोठेबाबांच्या डोक्यावर मोळी होती आणि ती धरायला मी हात लावला नाही.

घरी मायने त्याच लाकडांवर त्यांचं पाणी तापवलं. ते न्हाणीत गेल्यावर चुलीपाशी तिने मला हळूच विचारलं, "काऊन वं, त्यायच्या मागं तू काऊन नाई उभी राह्यली?"

"ते तुह्या मागं कधी उभे राह्यले?" मी म्हणाले.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. त्यांना ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्याने बोलले होते.