शून्याकडून हातचा

पिंप्राळ्याहून सुमनअक्कांच्या मुलाचा फोन शेजाऱ्यांकडे आला. "आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" काय बाई तरी मी! पण अक्का एका जागी बसणारी बाई नव्हतीच, म्हणून तोंडून तेच निघालं. महिना होत आला, अजून मन थाऱ्यावर नाही.

सोनगीरच्या अलीकडे, हमरस्त्यालगतच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी नवीन लागले तेव्हा अक्का तिसरीला शिकवायच्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दर महिन्याला आसपासचे शिक्षक एका शाळेत जमत, एक जण सगळ्यांसमोर आदर्श पाठ घेई आणि बाकीच्यांनी त्यावरून शिकायचं. त्या पाठाची रीत ठरलेली. आठवडाभर आधी तोच धडा घोटून घ्यायचा, हुशार पोरं पुढे बसवायची आणि कच्च्यांना सांगायचं, "उद्या येऊ नका रे." ती बिचारी खूश, सुट्टी मिळाली म्हणून! मग पाठ झकास व्हायचा, चहा-पोहे व्हायचे, आणि शिकायचं राहून जायचं.

एकदा अक्कांची पाळी आली. त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, जिल्ह्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारे निवडायला. अक्कांना ते काम मनापासून हवं होतं. म्हणायच्या, "बठ्ठ्या मास्तरांना एकदा हलवायचं शे मला." सगळ्या म्हणजे सगळ्या मास्तरांना! आणि याच बाईंनी पाठाला अख्खा वर्ग बसवला! कच्ची पोरं पुढे, धडा कोरा. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

फळ्यावर होतं तीनशे दोन वजा एकशे अठ्ठेचाळीस. अक्का म्हणाल्या, दोनातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून हातचा घ्या. पुढच्या रांगेतली मंगल, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोरगी, उभी राहिली.

"बाई, शून्याजोडे काहीच नही शे ना... मंग तो हातचा कथाईन देई?"

खरंच, शून्य देणार तरी कुठून? अक्का खडू धरून उभ्या. आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'शून्याचे नऊ होतात' एवढंच सांगून मोकळे होत होतो. का होतात, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"खरं म्हणस तू," अक्का शेवटी म्हणाल्या. "मालेबी आत्ते सांगता येत नही." मग आमच्याकडे वळल्या, "तुमच्यापैकी कोणी सांगतं का?" साहेब उठले. "हा आदर्श पाठ?" एवढंच बोलले आणि जीपकडे चालू लागले. अक्कांचं नाव तिथेच कटलं.

मला इतका संताप आला होता! एसटीची वाट पाहताना मी फटकन बोलले, "एक दिवस पोरं निवडून बसवली असती तर काय बिघडलं असतं, अक्का?"

"मंगलचा प्रश्न घरीच राहिला असता ना," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. ते काम गेल्याचं दुःख त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही.

सोमवारी त्या काड्यांचे गठ्ठे घेऊन आल्या. शंभराचा एक मोठा गठ्ठा मंगलला सोडायला लावला, त्यातून दहा-दहाच्या जुड्या निघाल्या. एक जुडी मंगलने दोनाच्या शेजारी नेऊन सोडली, शून्याच्या घरात नऊ उरल्या. पोरगी ओरडलीच, "बाई, शून्याने पहिले शंभरकडथीन लिधं!" अक्का गदगदून हसल्या. ते बघायला ना साहेब होते, ना जमलेले शिक्षक. हेच मला आजही डाचतं.

पुढच्या महिन्यात पाठाची पाळी माझी आहे. काल मुख्याध्यापक सहज म्हणाले, "बाई, पोरं जरा निवडून घ्या." मी म्हटलं, "सर, हजेरीतली बठ्ठी बसतील." बोलून तर गेले, पण तेव्हापासून रिकाम्या वर्गातही फळ्यापुढे उभं राहायची भीती वाटते. अक्का, त्या दिवशी तुम्हालाही वाटली होती का हो? इतकी वर्षं शेजारच्या वर्गात होते मी... एवढं विचारायचंच राहिलं.