जानकीच्या डोक्साले काय चारावं?

आम्ही चार म्हाताऱ्या दुपारी ओसरीवर बसलो की डाळ निवडून होते थोडी आणि किस्से निघतात ढीगभर. त्यातले निम्मे जानकीचे. जानकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. साठी उलटली आणि ती विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग माणसं. मी पोराच्या पाटीवरून अक्षरं उचलून पोथ्या वाचलेली बाई! पण खाण्यानं डोकं सुधरतं की बिघडतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

पहिले आले मेहकरचे वैद्यबुवा. "रोज तूप आणि ब्राह्मी!" महिन्यात जानकीचे गाल वर आले. मी विचारलं, "आज काय खाल्लं वं?"

"काई नाई बाई. सून उपाशी ठेवते!"

सून तुपाची वाटी हातात धरून रडायला लागली.

*

मग नागपूरला शिकलेला डॉक्टर आला. "तूप बंद! दूध आणि पालेभाजी द्या."

मी म्हटलं, "वैद्य म्हणते द्या, तुम्ही म्हणता बंद. डोक्सं तं एकच हाय ना?"

"आजी, वैद्याचंच ऐकायचं तर मला कशाला बोलावलं?"

"त्याचं ऐकलं म्हणूनच!"

*

भाऊजींनी, म्हणजे जानकीच्या नवऱ्यानं, खामगावहून बदाम आणले. रोज संध्याकाळी स्वतः भिजत घालणार म्हणाले. आठ दिवस विसरले!

सून म्हणाली, "मामाजी, बदाम नेमके कोनाले चारू?"

*

शेजारची सखू जन्मभर भाकर-ठेच्यावर जगली. ऐंशीची आहे, पण माझ्या लग्नात कोण कोण रुसलं ते अजून ऐकवते. म्हटलं, ठेचाच देऊन पाहू. जानकीनं घास घेतला, डोळ्यांतून धारा. घाबरून आम्हालाच विचारते, "कोन मेलं वं?"

*

डॉक्टर पुन्हा आला. "एक सवाल विचारतो. नाही जमलं, तर यांना नागपूरच्या दवाखान्यात ठेवावं लागेल." भाऊजींचा चेहरा उतरला.

"बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

आम्ही सगळ्या बायका खाली बघायला लागलो. पन्नास वर्षांच्या संसारात जानकीनं ते नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही पदर तोंडाला लावून.

जानकीनं समोर बसलेल्या भाऊजींकडे पाहिलं. पदर तोंडाला न लावता खणखणीत आवाजात म्हणाली, "बळीराम!" नाव बरोबर होतं, लाजच विसरली होती.

डॉक्टर खूश! "आठवण आली परत. दूध चालू ठेवा, नागपूर नको." पेटी उचलून गेलासुद्धा.

सून माझ्या कानाशी आली. "मोठ्या मामी, दूध चालू ठेवू का बंद करू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी गालात हसत म्हणाले,

"थांबा. अजून एकडाव विचारा तिले."