न विचारता नेलेला कांद्याचा टेम्पो

माझ्या हातून गुन्हा म्हणावा असा एकच झालाय, आणि तो भर दुपारी, लाऊडस्पीकर लावून झाला.

वडगावात आमच्या घरी चार पॉवरलूम आहेत. माझी थोरली बहीण पिरनवाडीला दिलेली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिच्याकडं दोन माग आहेत. त्या दिवशी तिच्या मागावरचं सूत संपलं आणि नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला भलामोठा रूळ, माझ्याकडं तयार पडला होता. ठरवलेला रिक्षावाला आलाच नाही. आक्काचा फोनवर फोन.

"माग थांबलाय रं. व्यापारी संध्याकाळी साड्या न्ह्यायला येतोय. तू बीम आणतोयस का मी डोक्यावर घिऊन जाऊ?"

आमच्या शेजारी कांदेबटाटे विकणारे एक अण्णा राहतात. त्यांचा तीनचाकी टेम्पो दारात उभा होता. अण्णा जेवून झोपले होते. घोरणं आमच्या मागाच्या आवाजातूनही ऐकू यायचं. त्यांना उठवायचा धीर कुणालाच होत नसे. चावी दाराआड खिळ्याला असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तासाभरात परत आणून लावतो, असं मनाशी म्हणालो आणि चावी काढली. भावानं आणि मी बीम आडवा करून कांद्याच्या पोत्यांवर ठेवला, दोरीनं आवळला.

चावी फिरवली तसा टपावरचा भोंगा अण्णांच्याच आवाजात मराठीत आणि कानडीत ओरडला, "कांदे घ्या, बटाटे घ्या! उळ्ळागड्डी, आलूगड्डी!"

मी घाबरून इंजिन बंद केलं. भोंगाही बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उळ्ळागड्डी. त्यांनी भोंग्याची वायर चावीलाच जोडून घेतलेली. अण्णा उठायच्या आत गल्ली सोडायची म्हणून मी तसाच निघालो.

अनगोळच्या एका बोळात एक म्हातारी पिशवी घेऊन थेट टेम्पोसमोर उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा. मी कांदे विकत न्हाय."

"मग बोंबलतोयस कशाला?"

तोवर आणखी चार बायका आल्या. तराजू बीमखाली दबला होता, म्हणून ओंजळीनं कांदे द्यायला लागलो. लवकर सुटका व्हावी म्हणून जरा जास्तच देत होतो. त्यानं गर्दी वाढली. मागं रिक्षा अडकली, पुढं म्हैस आली. एक बाई मात्र पिशवी न उघडता माझ्याकडं बघत होती.

"आवाज त्येंचा हाय," ती शेजारणीला म्हणाली, "पण तोंड दुसरंच हाय गं."

टेम्पोच्या अंगावर अण्णांचा फोन नंबर रंगवलेला. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. "अण्णा, तुमचा टेम्पो चोरीला गेलाय. चोर आमच्याच गल्लीत कांदे इकतोय. व्हय, पळंना झालाय."

रिक्षावाला मागं हॉर्न मारतच होता. तो आवाज ऐकून चौकातला हवालदार आला. "एनप्पा, यार गाडी इदु?" गाडी कुणाची, म्हणून विचारत होता. मी शेजाऱ्याची म्हणालो. विचारून आणलीस का, म्हणाला. ते झोपलेत, म्हणालो. पाच मिनिटांत अण्णा मेव्हण्याच्या स्कूटरवर मागं बसून आले. अंगात बनियन, खाली लुंगी, गालावर उशीची घडी उमटलेली.

मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. "मागितला असतास तर न्हाय म्हणालो असतो व्हय मी?" एवढंच म्हणाले. मला फार लाजल्यासारखं झालं.

"तक्रार देताय काय?" हवालदारानं मराठीत विचारलं. "दुसऱ्याची गाडी न विचारता न्हेणं गुन्हा हाय."

"ल्ह्या तक्रार," अण्णा म्हणाले.

"मग गाडी बी ठाण्याला घ्या. मुद्देमाल म्हणून जमा करावी लागती."

"गाडी? किती दिवस?"

"कोर्ट सोडील तवा."

अण्णांनी टेम्पोकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं. "म्हंजे मीच दिलती ह्येला. झोपंत हां म्हणालो असणार," ते म्हणाले. "झोपंत मला कळत न्हाय." बायका हसायला लागल्या. हवालदारानं आम्हा दोघांना भरपूर सुनावलं आणि म्हैस बाजूला करायला गेला.

पिरनवाडीपर्यंत टेम्पो अण्णांनी चालवला. मी मागं बीम धरून कांद्यांवर बसलो होतो. वाटेत कुणी हात केला की ते थांबायचे आणि मी खाली उतरून, आता बीमखालून ओढून काढलेल्या तराजूत, तोलून द्यायचो. आक्का दारातच उभी होती. तिला सगळं कळल्यावर तिनं आधी अण्णांना चहा दिला, मग त्यांच्यासमोर मला लहानपणी झापायची तसं झापलं. माग दिवेलागणीआधी चालू झाला. व्यापाऱ्याला थांबावं लागलं, पण साड्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. अण्णा "हूं" म्हणाले. पुढं महिनाभर तेवढंच. मग एका सकाळी आमच्या दारात उभे राहून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"तुझी शिडी न्हिऊ काय रं? इचारून न्हेतोय, बरं का!"

शिडी मीच खांद्यावर घेऊन त्यांच्याकडं पोचवली, आणि ते पत्र्यावर चढून उतरेपर्यंत खाली धरून उभा राहिलो.